तुमचा पोळा कुठं फुटतो?

आधी मावशींचं सांगते, मग बाकीचं. मावशी म्हणजे माझ्या घरमालकीण. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागणाऱ्या. पुढे जे काही चांगलं घडलेलं दिसेल ते त्यांच्यामुळे. मी त्यांना विचारलं होतं, मावशी, तुमच्यावर लिहू का? त्या म्हणाल्या, "लिव्ह की. पर नाव घालू नको माय. नाव घातलं की लोक घरी चहाला येत्यात." म्हणून नाव नाही. मग माझंही नाही आणि दवाखान्याचंही नाही.

मी मूळची समुद्राकडची. बंदराच्या गावात वाढले. आठवीनंतर शाळा सुटली, कारण आईचा हात मोडला आणि मासळी सुकत घालायला घरात दुसरं कोणी नव्हतं. हात बरा झाला, शाळा काही परत धरता आली नाही. लग्नानंतर नवरा विजेच्या टॉवरवर तारा ओढायच्या कामाला लागला आणि ते काम पुढे पुढे सरकत हिंगोली जिल्ह्यात आलं. त्याच्यामागे मी. एसटीतून उतरले तर चारी बाजूंना कापूस नि सोयाबीन, आणि वाऱ्याला खारटपणाच नाही. पहिले चार दिवस पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं नाही.

नवरा पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मावशींच्या मुलानं नातवंडांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावात दोन खोल्या बांधल्या होत्या. एकीत मावशी आणि नातवंडं, दुसरी मला दिली. मुलगा आणि सून वर डोंगरातल्या वाडीवर, मेंढरांपाशी. मावशीही सणासुदीला, सुट्टीला वाडीवर जायच्या. जीपनं तासभर, आणि पुढे थोडं पायी.

सरकारी दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं तेही मावशींच्याच शब्दावर. ठेकेदाराला त्या म्हणाल्या होत्या, "पोरगी झाडती बी नीट आन् बोलती बी नीट. दोन्ही येनारं मानूस तुमच्याकडं हाय का?" दोन वर्षं मी झाडलं. मग केसपेपरच्या खिडकीवरच्या कारकुनाची बदली झाली. एका म्हाताऱ्याला मी भिंतीवरची सूचना वाचून दाखवत होते, ते मोठ्या डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि मला खिडकीत बसवलं. "तात्पुरतं बरं का," म्हणाल्या. तो शब्द रोज सकाळी माझ्याबरोबर खुर्चीत बसायचा.

खिडकीचं काम म्हणजे नाव, वय, गाव लिहायचं, आणि शेवटी दोन चौकोन असायचे, शहरी आणि ग्रामीण, त्यातल्या एकावर खूण करायची. काचेला आतून चिठ्ठी चिकटवलेली होती: नगरपंचायतीच्या हद्दीत राहणारा तो शहरी, बाकी ग्रामीण. मला वाटलं, ह्याहून सोपं काय असणार. मी विचारायची, गाव कोणतं? लोक ह्याच तालुक्याच्या गावाचं नाव सांगायचे. इथे नगरपंचायत आहे, म्हणजे शहरी. खूण. पुढचा या. खांद्यावर घोंगडी असायची, पायाला पोटरीपर्यंत काळी माती वाळलेली असायची, आणि मी शहरी म्हणून खूण करायची. मनात यायचं, हे काही बरोबर नाही. पण माणूस स्वतः सांगतोय, त्याला खोटं ठरवणारी मी कोण? आठवी शिकलेली, तीही परक्या मुलखातली.

असे सहा-सात महिने गेले. नागपंचमी झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून आकडेवाले साहेब आले. दवाखान्यांचे महिन्याचे आकडे गोळा करून पुढे पाठवणं हे त्यांचं काम. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी वही उघडली, दोन पानं उलटली आणि खिडकीतून बाहेर डोकावून पाटीकडे पाहिलं.

"काय लिहिलंय पाटीवर?"

"ग्रामीण रुग्णालय," मी म्हणाले.

"आणि वहीत? चिमूटभर सोडले तर सगळे शहरी. ग्रामीण रुग्णालयात ग्रामीण माणूसच येईना. आता पाटी बदलू का वही?"

औषधाच्या खिडकीवरचे भाऊ खो-खो हसले. मी पदर नुसता चुरगाळत बसले. साहेबांनी मग चष्मा खाली घेतला आणि समजावून सांगितलं, रागावले नाहीत. ह्या दोन चौकोनांवरून ठरतं, म्हणाले, नर्स कुठं द्यायची, गाडी कुठं उभी ठेवायची, साप चावल्यावरचं औषध कुठं किती ठेवायचं. "तुमच्या वहीप्रमाणे डोंगरातल्या वाड्यांवर कुणी आजारीच पडत नाही. बायका बाळंतही होत नाहीत."

ते गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. पोळ्यानंतर साहेब पुन्हा येणार होते. ह्या महिन्याचे कागद ते गावोगावच्या आशाताईंकडच्या घरयादीशी ताडून बघणार होते. "जुळलं तर तू खिडकीवर कायम. नाही जुळलं तर मला शिकलेलं माणूस द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे गं." झाडलोटीची जागा केव्हाच भरली गेली होती. म्हणजे परतायला झाडूसुद्धा नव्हता. माझ्या हातात उरले होते तीन आठवडे.

संध्याकाळी घरी आले तर मावशी ओट्यावर फणफणत बसलेल्या. सकाळीच वाडीवरून आल्या होत्या.

"ऐकलंस का? आमच्यातले चार जन वाडीसाठी दवाखान्याचं उपकेंद्र मागाया हापिसात गेल्ते. तिथला बाबू म्हनतो, तुमच्या वाडीवरून पेशंटच येत न्हाईत. ठणठणीत हाव म्हनं आमी समदे! मागल्या साली माझी सून जीपमदी बाळंत झाली, ती काय हौस म्हून?"

मी पायरीवर बसले ती उठेचना. बाबूनं जे कागद बघितले असतील, ते माझ्या हातचेच होते. मावशींच्या गुडघ्याच्या गोळ्यांची पिशवी खिळ्याला लटकत होती. त्यातला केसपेपर काढला. माझंच अक्षर. गाव तालुक्याचं. खूण शहरीवर.

"मावशी, हे काय? तुम्ही इथे पोरांच्या शाळेपुरत्या, तुमचं गाव वाडी ना? मतदान तिथे, राशन तिथे, घर तिथे. मग हे नाव काहून सांगितलंत?"

ह्या मुलखातला 'काहून' माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. मावशी त्याही रागात हसल्या.

"आता कशी आमच्यातली बोलून राहिली! अगं, तू इचारलं गाव कोन्तं. म्या वाडीचं नाव सांगितलं असतं तर तू म्हन्ली असती, हे कुठं आलं? म्या म्हन्ले असते, अमक्या फाट्याच्या वर. तू म्हन्ली असती, तो फाटा कुठं आला? मागं लाईन, पुढं तू, मदी माझा गुडघा. त्याच्यापरीस बाजाराचं गाव सांगून मोकळं व्हायचं. समदेच तसं करत्यात. तिकडचे जवळा बाजार म्हनत्यात, खालच्या अंगाचे डोंगरकडा म्हनत्यात. साहेबाला कळनारं नाव सांगावं मानसानं."

आमच्याकडे उलटं. आमच्याकडे माणूस आधी वाडीचं नाव सांगतो, गाव मागून येतं. म्हणून मला हे कधी सुचलंच नसतं. लोक खोटं बोलत नव्हते. माझी अडचण होऊ नये म्हणून आपलं गाव गिळून टाकत होते.

"मग मी विचारू तरी कसं?"

मावशींनी दुसरा पाय चोळायला घेतला. मग म्हणाल्या, "पोळा कुठं फुटतो ते इचार."

मला पोळा नुसता ऐकून माहीत होता. त्यांनी सांगितला. श्रावणातल्या अमावास्येला बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झूल घालायची. सगळ्या गावाचे बैल वेशीपाशी तोरणाखाली उभे करायचे. मानाचा बैल निघाला, तोरण तुटलं, की पोळा फुटला. मग सगळे आपल्या गावच्या मारुतीला.

"बाजाराला मानूस कुठं बी जाईल. दवाखान्याला बी जाईल. पर बैल दुसऱ्याच्या येशीत कोन उभा करतो? कुनी न्हाई. ज्या मारुतीला बैल, ते गाव."

"आणि ज्यांच्याकडे मेंढरं आहेत?"

"त्यांना इचार, पावसाळ्यात मेंढरं कुठं बसत्यात. दिवाळी झाली की आमी चाललो मेंढरामागं, कुठल्या कुठं. पर पावसाचे चार महिने आपल्या जागेवर, बराबर."

"आणि इथले? गावातलेच?"

"त्यांच्या घरी मातीचे बैल. पाटावर मांडून पुजत्यात. मातीचे बैल म्हन्ला की लाव शहरी."

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. पहिलाच एक गडी, कान दुखत होता. मी घशातल्या घशात विचारलं, "तुमचा पोळा कुठं फुटतो?"

त्यानं दुखरा कान धरून दुसरा पुढे केला. "काय म्हन्ल्या?"

मी पुन्हा विचारलं. त्याच्या तोंडावरचं दुखणंच पळालं. वाडीचं नाव सांगितलं, वेस कशी आहे ते सांगितलं, मागल्या वर्षी तोरण कुणाच्या बैलानं तोडलं तेही सांगितलं. मी नाव लिहिलं. खूण ग्रामीणवर. दिवसभर हेच. पलीकडून औषधवाले भाऊ ओरडले, "ओ ताई, बैलांचा दवाखाना पल्याड हाय, नाक्याला!"

मॅडमच्या कानावर गेलंच. मी घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोळ्यानं गाव कळू दे. पण राशनकार्डावर किंवा आधारवर बघून मगच लिहायचं. बैल काही पुरावा देत नाहीत." तेही सुरू केलं. रांग मात्र लांबायला लागली. लोक कुरकुरायला लागले.

बाजाराचा दिवस आला तेव्हा तर मी रडायच्या बेताला आले होते. रांग फाटकापर्यंत. इतक्यात मावशी काठी टेकत आल्या, खिडकीजवळच्या बाकावर बसल्या आणि रांगेतच विचारायला लागल्या. खिडकीपर्यंत माणूस येईतो त्याचं गाव ठरलेलं आणि कार्ड हातात काढलेलं.

"ए पाव्हन्या, पोळा कुठला तुझा?"

जीन घातलेला तो पोरगा म्हणाला, "आमी बैल इकले मावशी. ट्रॅक्टर हाय आता."

"मंग ट्रॅक्टरला हार घालून मारुतीपुढं न्हेता का न्हाई?"

"न्हेतो की."

"कोन्त्या?"

पोरगा हसत सुटला आणि वाडीचं नाव सांगितलं. त्याच्या मागे टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे चाचा होते. मावशी क्षणभर थबकल्या. चाचाच म्हणाले, "पूछो की! बैल तो हमारे भी हैं. परसाल मानाच्या बैलामागं माझीच जोडी होती. लिहा, वरची वाडी." मावशी म्हणाल्या, "व्हय, व्हय, लाल शिंगाची." त्यांना जोडी आठवली होती.

एक बाळंतीण माहेरी आलेली, आई बरोबर. गाव माहेरचं लावू की सासरचं, मला कळेना. नियम असा की माणूस नेहमी राहतं ते गाव. आई म्हणे हिचं गाव आमचंच. मावशींनी पोरीलाच विचारलं, "लेकी, पोळ्याची पुरणपोळी कुन्या चुलीवर करतीस तू?" पोरगी लाजून म्हणाली, "सासूबाईंच्या." मी सासरचं गाव लिहिलं. तेही एका तांड्याचं निघालं.

मग एक शिंपी आले, आमच्याच गल्लीतले. मावशी म्हणाल्या, "ह्यांच्या घरी मातीचे." शिंपी म्हणाले, "सहा हायेत, मावशी. एकाचं शिंग मोडलं." मी शहरीवर खूण केली. त्या दिवशी एवढ्या सगळ्या खुणांत ती एक शहरी खूण मला फार आवडली, कारण ती खरी होती.

तीन आठवडे असे गेले. पोळा आला, मावशी वाडीवर गेल्या. मी गेले नाही. माझा जीव वहीत अडकला होता.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेब आले. टेबलावर एका बाजूला माझे कागद, दुसऱ्या बाजूला आशाताईंच्या घरयाद्या. आशाताई म्हणजे गावातलीच बाई, घर न् घर फिरून कोण कुठे राहतं, कोण गरोदर आहे, ते लिहून ठेवणारी. साहेब गठ्ठ्यातून कुठलाही कागद ओढायचे, गाव वाचायचे, यादीत बोट फिरवायचे. पहिला जुळला. दुसरा जुळला. बाळंतीण जुळली. चाचा जुळले. भाऊ औषधं सोडून दारात येऊन उभे होते. मी भिंतीला पाठ लावलेली.

मग एका कागदावर बोट थांबलं. वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"हा माणूस ह्या वाडीच्या यादीत नाही."

मी पाहिलं. मेंढरंवाला होता, हाताला विळा लागून आलेला. त्याच घरातला दुसराही एक कागद होता, तोही यादीत नाही. साहेबांनी चष्मा काढून मॅडमकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे बघेनात.

मी कशी बोलले मला अजून कळत नाही. म्हणाले, "साहेब, यादी कधी केली?"

"माघात."

"मग ते कसे सापडतील? ते दिवाळीनंतर मेंढरामागं जातात. माघात त्यांच्या घराला कुलूप. आता पावसाळ्यात मेंढरं वाडीवर बसलीत. आत्ता विचारा."

साहेबांनी यादीखाली लिहिलेला नंबर शोधला. मग त्यांनी आशाताईला फोन लावला आणि मोठ्या आवाजात ठेवला. फोनमधून आधी कोंबड्यांचा आवाज आला, मग ताईंचा. साहेबांनी नाव विचारलं.

"हाये ना साहेब! वाडीचेच हायेत ते. म्या यादी केली तवा मेंढरं घिऊन गेल्ते, म्हून राहिलं. समोरच बसलेत बघा, हाताला पट्टी बांधून. देऊ का फोन?"

साहेबांनी फोन ठेवला. पेन उघडलं आणि माझ्या कागदाला हात न लावता यादीच दुरुस्त केली. दोन नावं, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. भाऊ दारातून म्हणाले, "पाटी राहू द्यावी म्हन्तो मी." ह्या वेळी साहेबही हसले, आणि मीही. इतक्या जोरात की आतल्या खोलीतून नर्स बघायला आली.

जाताना साहेबांनी विचारलं, हा प्रश्न कुणाचा? मी मावशींचं नाव सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. नावापुढची जागा रिकामी राहिली, तर मला विचारलं, "पद काय?" मी म्हणाले, "मेंढरं राखतात."

मॅडमनी त्याच आठवड्यात माझं नाव खिडकीसाठी लावून घेतलं. तात्पुरतं हा शब्द त्या बोलल्या नाहीत, मीही आठवण करून दिली नाही. पुढे जिल्ह्यातल्या इतर खिडक्यांनाही सूचना गेली, की नुसतं गाव विचारू नका, सणाला आणि पावसाळ्यात माणूस कुठे असतो ते विचारा आणि कार्ड बघा. जवळा बाजारकडून एकदा फोन आला, तिथली बाई विचारत होती, ट्रॅक्टरवाल्यांचं काय करायचं? मी सांगितलं. एवढ्या मोठ्या आवाजात मी फोनवर आयुष्यात बोलले नव्हते.

आमच्या वहीत आता डोंगरातल्या वाड्यांची नावं आहेत, एकेक. त्या वहीतले आकडे घेऊन मावशींच्यातले तेच चार जण त्याच बाबूकडे पुन्हा गेले. ह्या वेळी मावशीही गेल्या. काय बोलल्या ते कुणी मला नीट सांगत नाही, पण बाबूंनी खुर्ची दिली एवढं कळलं. मंजुरी यायला वेळ लागला, पण आली. इमारत अजून व्हायची आहे. तोवर शाळेच्या एका खोलीत उपकेंद्र चालतं. नर्सबाई तिथेच राहतात.

पुढच्या पोळ्याला मी वाडीवर गेले. उपकेंद्राच्या खोलीलाही त्यांनी आंब्याचं तोरण लावलं होतं. वेशीत बैलच बैल, शेवटी तीन ट्रॅक्टर. पोळा फुटला तेव्हा मावशी माझा हात धरून ओरडत होत्या. गर्दी मारुतीकडे सरकली आणि त्यांनी मला विचारलं, "आन् तुमच्याकडं? तुमचा पोळा कुठं फुटतो?"

"आमच्याकडे पोळा नाही मावशी. शेती नावाला. आमच्याकडे होड्या."

"मंग तुझं गाव वळखावं कसं मानसानं?"

मी विचार केला. म्हणाले, "विचारायचं, नारळी पुनवेला नारळ कुठल्या बंदरात सोडता. होडी कुठेही जाते, पण नारळ आपल्याच बंदरात."

त्यांना ते एकदम पटलं. दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. मेंढरं तेवढ्या लांब जात नाहीत.

मावशी, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवील म्हणून इथे लिहून ठेवते. खोली, काम, खिडकी, सगळं तुमच्यामुळे, आणि त्याची परतफेड माझ्याकडून अजून झालेली नाही. पण एका नारळी पुनवेला मी तुम्हाला माझ्या बंदरावर नेईन. खिडकीची बाजू धरून एसटीत बसवीन, गुडघा लांब करायला जागा ठेवीन. तुमच्या हातानं नारळ सोडायला लावीन. तिथे लोक विचारतील, आजी कुठल्या? तेव्हा तालुक्याचं नाव सांगायचं नाही, वाडीचंच सांगायचं, आणि कुठं आलं ते विचारलं तर सांगत बसायचं, रांग नसेल. पुनव ते पोळा मध्ये पंधरा दिवस असतात. बैल तोरणाखाली उभे राहायच्या आत मी तुम्हाला परत आणून सोडीन.